दीड दिवसाचा टॅब

"तुमचो पडदो परत मेलो मरे!"

जूनचा दुसरा आठवडा, सकाळचे पावणेनऊ. मी फोंड्याहून पणजीला निघालेल्या बसमध्ये, बाणस्तारीच्या पुलावर. फोनवर कंट्रोल रूममधले शिफ्टचे काका. पुलाखाली कुंभारजुव्याच्या कालव्यातून एक बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोट, सावकाश सरकत होती. खरं तर त्या क्षणी ती काकांच्या भिंतीवरच्या टीव्हीवरही निळा ठिपका होऊन सरकायला हवी होती. पण तिथे ना ठिपका होता ना नकाशा. क्रोमचा तो दुर्मुखलेला चेहरा आणि खाली "आउट ऑफ मेमरी" एवढंच काय ते होतं.

"परत म्हणजे?" मी विचारलं.

"परत म्हणजे परत. रोज नाही, एक दिवस सोडून. आम्ही एफ-फाइव्ह मारतो नि चालू होतं. आज म्हटलं तुम्हाला सांगूया."

म्हणजे आठवडाभर हे चाललं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. वापरणारा माणूस हुशार असला की तो आपली चूक परस्पर निभावून नेतो, आणि मग ती आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

काम काय होतं ते आधी सांगतो. गिऱ्हाईक बार्जी चालवणारं. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आमची होती. साधारण 40 बार्जी. प्रत्येकीवर जीपीएसची एक डबी, ती दर 10 सेकंदांनी आपलं ठिकाण सर्व्हरला कळवते. सर्व्हर तो संदेश वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, ब्राउझरला देतो आणि ब्राउझरमध्ये लीफलेट या लायब्ररीच्या नकाशावर ठिपके हलतात. एक पान, एक नकाशा, 40 ठिपके. जानेवारीत बसवलं, आणि मेअखेरपर्यंत एकही तक्रार नव्हती.

जूनमध्ये बदललं काय, तर पाऊस आला. आमोणे, उसगावच्या बाजूने मांडवीतून उतरणाऱ्या बार्जी एरवी सरळ आग्वादपाशी समुद्रात शिरून मुरगाव बंदर गाठतात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखावरची वाळूची पट्टी आणि खवळलेला समुद्र यांमुळे तो रस्ता बंद होतो. मग वाहतूक कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत आणि तिथून मुरगावला. कालवा अरुंद आणि वळणावळणाचा, वर काठाला मगरी. समोरून कोण येतंय ते आधी कळलेलं बरं, म्हणून पावसाळ्यात कंट्रोल रूम चोवीस तास चालते.

शेवटचं वाक्य आम्ही तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. त्यातच सगळं उत्तर होतं. उन्हाळ्यात रात्री आठला खोली बंद व्हायची, कॉम्प्युटर बंद व्हायचा, सकाळी पान नव्याने उघडायचं. बिघाड जानेवारीपासूनच होता, त्याला मोठा व्हायला वेळ मिळत नव्हता इतकंच. पावसाने पानाला दिवसरात्र जागायला लावलं आणि मेमरीची गळती, म्हणजे ती भरत जाऊन मोकळी न होणं, दिसायला लागली. पण जूनमध्ये बिघडलं म्हणजे पावसामुळेच बिघडलं, हा विचार गोव्यात कोणाच्याही डोक्यात आधी येतो. आमच्याही आला.

तर पहिले चार दिवस आम्ही यूपीएसवर संशय घेतला. वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, यूपीएसची बॅटरी जुनी आहे, वगैरे. मग नेटवर्कची केबल बदलली. मग गिऱ्हाइकाच्या हार्डवेअरवाल्याने 8 जीबीच्या जागी 16 जीबी रॅम घातली, आणि गंमत म्हणजे तिचा उपयोग झाला! आधी पान जेमतेम दीड दिवस टिकायचं. ऑफिसात आम्ही त्याला दीड दिवसाचा गणपती म्हणायला लागलो होतो. रॅम वाढवल्यावर तो जवळजवळ तीन दिवसांचा झाला. हार्डवेअरवाला खूश. "बघा, रॅमच कमी होती."

रॅम कमी नव्हती. क्रोमच्या आत जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट हे इंजिन आपल्या हीपला, म्हणजे वस्तू साठवायच्या जागेला, एक कमाल मर्यादा घालून घेतं, आणि ती मर्यादा यंत्राच्या रॅमवर ठरते. 8 जीबीच्या यंत्रावर ती 2 जीबीच्या आसपास होती, 16 वर 4 जीबीच्या आसपास झाली. बादली दुप्पट मोठी आणली तर ती भरायला दुप्पट वेळ लागणारच. छप्पर गळतच होतं. पण दीडाचे तीन दिवस झाले यातून एक खूण मिळाली जी आमच्या लगेच ध्यानात यायला हवी होती: भरण्याचा वेग ठरावीक आहे. व्होल्टेजचा बिघाड असता तर तो इतका हिशेबी नसता.

काकांचा झूम

वळण मिळालं ते काकांच्या एका तक्रारीमुळे, तीही त्यांनी जाता जाता केलेली. "सकाळी नकाशा मोठा केला की पटकन होतो. संध्याकाळी मोठा करायला गेलं की अडकतो. नेट स्लो होतं का संध्याकाळी?"

नेटचा संबंध नसावा असं मला वाटलं, कारण नकाशाचे चौकोन एकदा आले की ब्राउझर ते साठवून ठेवतो. मी म्हटलं, हा कलेक्टर असणार. (गार्बेज कलेक्टरला आम्ही नुसतं कलेक्टर म्हणतो. पाटोवरच्या चहाच्या गाड्यावर "कलेक्टर वेळेवर येत नाही, सगळं थांबवून ठेवतो" असं बोलताना शेजारचा माणूस दचकलेला मी पाहिला आहे.)

या कलेक्टरचं काम काय, यावर थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जावास्क्रिप्टमध्ये आपण वस्तू बनवतो, पण मोडत नाही. ती कधी मोडायची ते इंजिन ठरवतं. ठरवण्याची रीत जुनी आहे. 1960 साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी मांडलेली. मुळापासून सुरू करायचं, म्हणजे ग्लोबल वस्तू, चालू फंक्शनची चलं, पानाचा डॉम (पानावरच्या घटकांचं झाड). तिथून धागा धरून जिथे जिथे पोचता येतं त्या वस्तूवर खूण करायची. ज्यावर खूण नाही ते झाडून टाकायचं. आजचे सगळे मोठे ब्राउझर याच रीतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. व्ही-एट वस्तूंच्या दोन पिढ्या करतं. नव्या वस्तू छोट्या जागेत, तिथली झाडलोट वरचेवर आणि झटपट. दोनदा झाडूनही टिकलेली वस्तू जुन्या पिढीत जाते, तिथे झाडू क्वचित फिरतो.

यात एक गोष्ट लोक विसरतात. वस्तू हवी की नको हे कलेक्टर बघतच नाही. तिच्यापर्यंत पोचता येतं का, एवढंच तो बघतो. आमच्या गावात पंचायतीची कचऱ्याची गाडी फाटकाबाहेर ठेवलेली पिशवी उचलते. घरात डोकावून "हा पलंग जुना दिसतो, नेऊ का?" असं विचारत नाही. माडीवर वीस वर्षांची रद्दी साठली तर तो गाडीवाल्याचा दोष नव्हे. त्यामुळे ब्राउझरमधल्या मेमरीच्या गळतीचा तपास म्हणजे एकच प्रश्न: नको असलेली वस्तू अजून कोणी धरून ठेवली आहे?

पूर्वी याहून वाईट परिस्थिती होती. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत डॉमच्या वस्तू त्यांना कितीजणांनी धरलंय ते मोजून मोकळ्या व्हायच्या, आणि डॉम जावास्क्रिप्टला धरतो, जावास्क्रिप्ट डॉमला धरतं असं वर्तुळ झालं की दोघंही कायमची अडकायची. आता तसं होत नाही. आता वर्तुळ असलं तरी मुळाशी जोडलेलं नसेल तर जातं. म्हणजे हल्लीची गळती बहुतेक वेळा आपल्याच हातची असते.

कागदावरचे आकडे

मी कंट्रोल रूममध्ये जाऊन बसलो. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्यात जावास्क्रिप्ट मेमरी हा रकाना लावता येतो. कंसात दिसतो तो खरोखर वापरात असलेला आकडा. काकांनी एक वही दिली. पान ताजं उघडलं तेव्हा 38 एमबी. तासाने 97. दोन तासांनी 154. तीन तासांनी 213. दर तासाला 57-59 एमबी, जवळजवळ पट्टी लावून आखल्यासारखं.

आता हिशेब. 40 बार्जी, दर 10 सेकंदांना एक संदेश. म्हणजे सेकंदाला 4, तासाला 14,400. तासाच्या 58 एमबीला त्याने भागलं तर संदेशामागे 4 केबीच्या आसपास. प्रत्येक संदेशामागे 4 केबी उरतंय आणि परत जात नाही. दिवसाला सुमारे 1.4 जीबी. 2 जीबीची मर्यादा 34-35 तासांत गाठली जाणार. दीड दिवस! डेव्हटूल्स (क्रोममधली तपासणीची हत्यारं) उघडायच्या आधी, वहीवरच, गळती संदेशाला बांधलेली आहे हे कळलं होतं. एवढा स्वस्त तपास लोक का करत नाहीत ते मला कळत नाही. सगळे आधी हीप स्नॅपशॉट, म्हणजे हीपमधल्या सगळ्या वस्तूंचा फोटो, घ्यायला धावतात.

मीही धावलो होतोच. दुपारी, हीप 1.4 जीबी झालेला असताना, त्याच यंत्रावर स्नॅपशॉटचं बटण दाबलं. स्नॅपशॉट घ्यायलाही भरपूर मेमरी लागते. पान गोठलं, मग डेव्हटूल्स गेलं, मग पान गेलं, आणि काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेनंतर पाहिली नव्हती. फुगलेल्या हीपचा स्नॅपशॉट घेऊ नये. गळती लहान असतानाच घ्यावा. चार-पाच हजार वस्तू उरलेल्या दिसल्या तरी पुरतात.

म्हणून ऑफिसात परत. सर्व्हरवरचे एका दिवसाचे संदेश उतरवून घेतले आणि ते वीसपट वेगाने पानाला पाजायची एक छोटी स्क्रिप्ट आमच्या धाकट्या सहकाऱ्याने लिहिली. सेकंदाला 4 ऐवजी 80. दीड दिवसाची वाट कोण बघणार!

पहिल्या फेरीत आकडे भलतेच आले, संदेशामागे 10 केबीच्या वर. तासभर डोकं खाजवल्यावर सापडलं: तपासासाठी मीच एक कन्सोल-लॉग टाकला होता, अख्खा संदेश छापणारा. डेव्हटूल्स उघडं असताना कन्सोलमध्ये छापलेली वस्तू मोकळी होत नाही, कारण तुम्ही तिच्या बाणावर क्लिक करून ती उलगडाल या आशेने कन्सोल ती धरून बसतो. म्हणजे गळती शोधायला आलेल्यानेच नळ सोडला. ओळ काढली, आकडे परत 4 केबीवर आले.

मग तीन स्नॅपशॉटची जुनी पद्धत. पान उघडून मिनिटभर चालू दिलं, म्हणजे एकदाच बनणाऱ्या वस्तू बनून होतात. पहिला स्नॅपशॉट. मग मोजून 4,801 संदेश सोडले. दुसरा स्नॅपशॉट. पुन्हा थोडे संदेश, तिसरा. स्नॅपशॉट घेण्याआधी क्रोम स्वतःच एकदा कलेक्टर फिरवतं, त्यामुळे जे दिसतं ते झाडूनही उरलेलं असतं. तिसऱ्यात "पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे बनलेल्या वस्तू" एवढंच दाखव असं सांगितलं.

4,801 हा आकडा मुद्दाम निवडला होता. 4,800 कुठूनही येऊ शकतो. 4,801 सहसा योगायोगाने येत नाही. यादीत वर्गाच्या नावाच्या चाळणीत "डिटॅच्ड" लिहिलं, म्हणजे पानावरून उतरवलेले पण मेमरीत जिवंत असलेले डॉमचे तुकडे. डिटॅच्ड डिव्ह: 4,801.

कोणी धरलंय?

एका डिव्हवर क्लिक केलं. खालच्या भागात रिटेनर्सची साखळी उलगडते: ही वस्तू कोणी धरली, त्याला कोणी, त्याला कोणी, थेट मुळापर्यंत. वाचायची सवय नसेल तर ती भीतीदायक दिसते, कारण इंजिनच्या पोटातल्या अनेक वस्तू मधेमधे येतात. युक्ती ही की त्यातली आपण स्वतः दिलेली नावं शोधायची. आमच्या साखळीत ती अशी होती: डिव्ह, म्हणजे बार्जीच्या नावाची पाटी, ती धरली एका फंक्शनच्या कॉन्टेक्स्टने (त्याला लागणाऱ्या चलांची पेटी), तो कॉन्टेक्स्ट एका फंक्शनचा, ते फंक्शन एका यादीत, यादीचं नाव "झूम-एंड", आणि ती यादी नकाशाच्या पोटात.

झूम-एंड हा शब्द पडद्यावर दिसला आणि मला काका आठवले.

झालं होतं असं. नवा संदेश आला की आमचा कोड जुना ठिपका नकाशावरून काढायचा आणि नव्या जागी नवा लावायचा. ठिपक्यासोबत नावाची पाटी. नकाशा लांबून बघितला की 40 पाट्या एकमेकींवर चढतात, म्हणून झूम संपला की पाटीचा आकार बदलायचा, अशी सोय होती. त्यासाठी प्रत्येक नवी पाटी नकाशाला सांगायची: झूम झाला की मला कळव. ठिपका काढताना पाटीही पानावरून जायची. पण नकाशाच्या वहीतून तिचं नाव कोणी खोडत नव्हतं. नकाशा पान बंद होईपर्यंत जगतो. त्याने यादी धरली, यादीने फंक्शन, फंक्शनने पाटी. कलेक्टर दर खेपेला प्रामाणिकपणे येऊन बघायचा, धागा लागतोय ना, लागतोय, खूण करायचा आणि पुढे जायचा.

काकांचा संध्याकाळचा झूम अडकायचा तोही याच यादीमुळे. मी कलेक्टरवर आळ घेतला होता तो चुकीचा निघाला. परफॉर्मन्स पॅनेलमध्ये नोंद केली तर कलेक्टरच्या पट्ट्या बारीक होत्या; व्ही-एटची खूण करण्याची बरीच मेहनत हल्ली पान चालवणाऱ्या मुख्य थ्रेडला न अडवता शेजारी चालते. अडवत होतं ते आमचंच फंक्शन. तीस तास चाललेल्या पानात झूमची एक खेप म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त मेलेल्या पाट्यांचा आकार बदलणं. चार-साडेचार सेकंद. फक्त 40 पाट्या दिसत होत्या, उरलेल्या कोणाच्याही नजरेला पडणार नव्हत्या, पण आकार सगळ्यांचा इमानेइतबारे बदलला जात होता. काकांनी दोन वेगळ्या तक्रारी म्हणून सांगितलेलं दुखणं एकच होतं, आणि झूमची तक्रार तर मरणाच्या आधी दिवसभर सूचना देत होती.

अजून एक गाठ उरली. पाटी म्हणजे एक डिव्ह आणि चार अक्षरं. तिच्यामागे 4 केबी कशी? धाकट्या सहकाऱ्याने कॉन्टेक्स्ट उलगडून दाखवला. आत पाटीच्या शेजारी अख्खा संदेश बसला होता: ठिकाण, वेग, दिशा आणि मागच्या तासाभराच्या मार्गाची यादी. "पण झूमचं फंक्शन संदेशाला हातही लावत नाही," तो म्हणाला. "मी तपासलं दोनदा."

तो बरोबर होता आणि तरीही संदेश अडकला होता. एकाच फंक्शनच्या आत दोन छोटी फंक्शनं जन्मली, तर व्ही-एटमध्ये त्या दोघांचा कॉन्टेक्स्ट एकच असतो. आमच्याकडे दुसरं फंक्शन क्लिकचं होतं: ठिपक्यावर क्लिक केलं की तपशील दाखव. त्याला संदेश लागतो, म्हणून संदेश सामाईक कॉन्टेक्स्टमध्ये गेला. ठिपका काढल्यावर क्लिकचं फंक्शन सुखाने मेलं. पण झूमचं फंक्शन जिवंत, त्याने कॉन्टेक्स्ट धरला, आणि कॉन्टेक्स्टमध्ये संदेश होताच. वडिलोपार्जित घराच्या सातबाऱ्यासारखं आहे हे. गोव्यात त्याला एक-चौदाचा उतारा म्हणतात. एका भावाने आपला हक्क सोडला तरी दुसऱ्याचं नाव असेपर्यंत घर तिथेच.

सहकारी म्हणाला, दोन्ही फंक्शनं वेगवेगळ्या जागी जन्माला घालूया, संदेश सुटेल. सुटला असता. 4 केबीची 1 केबी झाली असती, दीड दिवसाचा गणपती सहा-सात दिवसांचा झाला असता, आणि आम्ही बिल पाठवून मोकळे झालो असतो. मला तो मोह झाला होता हे लपवत नाही.

खरी दुरुस्ती उलट दिशेने होती: नवा ठिपका बनवायचाच कशाला? बार्ज तीच आहे. बार्जीच्या क्रमांकागणिक एक ठिपका, एकदा बनवलेला, आणि संदेश आला की त्याची फक्त जागा बदलायची. झूमचा लिसनर, म्हणजे झूमची वर्दी घेणारं फंक्शन, एकच, 40 पाट्यांवर फिरणारं. कोडच्या साठेक ओळी कमी झाल्या. वीसपट वेगाने रात्रभर चालवलं. आलेख करवतीच्या दातांसारखा: 40 एमबीवरून 65 पर्यंत चढ, मग कलेक्टर, मग परत 40. गळती नसलेल्या पानाचा आलेख सपाट नसतो, असाच असतो. बघायचं ते दातांची खालची टोकं एका रेषेत आहेत का एवढंच.

रोज रात्री तीनला पान आपोआप रीलोड करा, असा सल्ला आम्हाला सुरुवातीलाच एकाने दिला होता. वाईट सल्ला नाही. भिंतीवर अहोरात्र चालणाऱ्या पडद्याला तसा एक टाका घालून ठेवायला माझी हरकतही नसते. पण तो सुरुवातीलाच घातला असता तर काकांचा झूम संध्याकाळी तसाच अडकत राहिला असता आणि कोणालाच कारण कळलं नसतं.

दुसरा आजार

जुलैत, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काकांचा फोन. "परत मेलो."

माझ्या पोटात गोळा आला. या वेळी आमच्याकडे एक सोय होती: पान दर पाच मिनिटांनी स्वतःची मेमरी सर्व्हरला कळवत होतं. त्यासाठी वापरलेली सोय क्रोमपुरती आहे, प्रमाणित नाही, पण इथे यंत्र आमचं, ब्राउझर आमचा. आलेख उघडला. दिवसभर करवतीचे दात, 40 ते 65. रात्री अकराच्या सुमाराला दात थांबून सरळ चढ सुरू. सकाळी सहाला तीनशेच्या पुढे, आणि तिथे नोंद संपलेली.

तीनशे एमबीला कुठलंच पान मरत नाही. मर्यादा 4 जीबी आहे. मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्याच फोनला विचारायला हवा होता: "काका, पडद्यावर नेमकं लिहिलंय काय?"

"पेज रिस्पॉन्ड करत नाही. थांबा किंवा बाहेर पडा. आम्ही बाहेर पडलो."

म्हणजे मागचा मृत्यू वेगळा होता, हा वेगळा. काकांच्या शब्दकोशात दोन्ही "मेलो".

मागच्या पंधरा दिवसांचे आलेख बघितले तर असे उंचवटे जवळजवळ रोज रात्री होते, फक्त लहान: साडेदहाला चढ, साडेबाराला एकदम खाली. अकराच्या आसपास रोज काय घडतं? रात्रपाळीचा मुलगा येतो. त्या मुलाला मी काही विचारलं नाही, काकांनी विचारलं, आणि तो म्हणाला की तो पानाला हात लावत नाही. खरंच बोलत होता. तो पानावर दुसरी खिडकी पूर्ण पडदाभर उघडायचा आणि पिक्चर बघायचा.

पान दिसत नसलं की ब्राउझर रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमच्या, म्हणजे "पुढचं चित्र रंगव" अशा, हाका मारणं थांबवतो; न दिसणारं चित्र रंगवून वीज कशाला जाळायची. हल्ली विंडोजवर क्रोमची खिडकी दुसऱ्या खिडकीखाली पूर्ण झाकली गेली तरी ती लपलेलीच धरली जाते. आणि आमचा कोड असा होता: संदेश आला की रांगेत टाक, पुढच्या फ्रेमला रांग रिकामी कर. संदेश वेबसॉकेटवरून येतच राहतात, ते कोणी थांबवत नाही. फ्रेम येत नाही. रांग वाढते. तासाला 14,400.

पिक्चर दोन तासांचा असेल तर मुलगा परत आल्यावर एका फ्रेममध्ये 28 हजारांवर संदेश उपसले जायचे. एकाला पाव-एक मिलीसेकंद धरा, सात-आठ सेकंद पडदा अडखळायचा, मग सुरळीत. त्या रात्री मात्र त्याला झोप लागली. खिडकी सकाळी सहाला काकांनी बंद केली तेव्हा रांगेत लाखभर संदेश होते. अर्धं मिनिट पान गप्प. काकांनी दोन-चारदा माउस आपटला, क्रोमने विचारलं थांबायचं का, आणि आठवडाभर एफ-फाइव्ह मारून तयार झालेला माणूस थांबणार थोडाच!

ही गळतीही नव्हे, काटेकोरपणे बोलायचं तर. रांगेतला प्रत्येक संदेश कोणीतरी वाचणार होतं. पण सकाळी सहाला रात्री अकराचं ठिकाण कोणाला हवं आहे? रांग काढून टाकली. आता बार्जीगणिक एकच खण, नवा संदेश जुन्यावर लिहिला जातो. पिक्चर कितीही लांबला तरी खण 40 च. मागचा मार्ग सर्व्हरकडे असतोच, हवा तेव्हा मागवता येतो. एकूण बदल अकरा ओळींचा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी जाऊन पान ताजं उघडलं आणि वहीत वेळ लिहिली. घरी आमचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जन करून, नेवऱ्या संपवून कंट्रोल रूममध्ये गेलो तेव्हा पान चालूच होतं. जावास्क्रिप्ट मेमरी 44 एमबी. काकांनी टीव्हीखाली चिकटपट्टीने कागद लावला होता: "बंद करू नये."

ते पान अकराव्या दिवसापर्यंत चाललं. अकराव्या दिवशी दुपारी वीज गेली आणि यूपीएसने तीन मिनिटांत मान टाकली. बॅटरी खरंच जुनी होती.